दोन तासांचा गळ

रक्तदाबाच्या रुग्णाला दिलेल्या चिठ्ठीत गोळ्यांची नावे असतात, मीठ कमी करा असे असते, रोज चाला असे असते आणि सर्वांत शेवटी 'ताण कमी करा' असे असते. गोळी सकाळी घ्यायची की रात्री, जेवणाआधी की नंतर, हे नीट समजावून सांगितले जाते. ताण मात्र कुठे, कसा आणि किती वाजता कमी करायचा, हे कोणीच सांगत नाही.

शुक्रवार पेठेतल्या एखाद्या लहान दुकानदाराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. खाली दुकान, वर घर. सकाळी शटर वर जाते, ते रात्री उशिरा खाली येते. मध्ये उधारीची वही, जीएसटीचा हिशेब, माल घेऊन दारात उभा असलेला टेम्पो आणि त्यामुळे अडलेली गल्ली. वर म्हातारे आई-वडील, दहावीतली मुलगी, तिसरीतला मुलगा. या माणसाला व्यायामशाळेत जा, योगवर्ग लावा, वर्षातून एकदा थंड हवेच्या ठिकाणी जाऊन या, असे सांगणे सोपे आहे. तो मान डोलावतो आणि महिन्याने तोच रक्तदाब घेऊन परत येतो. असे लोक थोडेथोडके नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या प्रौढांपैकी 11.4 टक्के लोकांना मधुमेह आहे आणि 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब. म्हणजे तीन माणसांत एक.

अशा माणसाने रविवारी सकाळी मुलाला घेऊन दोन तास गळ टाकून बसावे, हा सल्ला आरोग्याच्या सदरात विचित्र वाटेल. शाकाहारी वाचकांना तर तो रुचणारही नाही, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण ज्यांच्या घरात मासे चालतात, त्यांच्यासाठी हा छंद जेवढा समजला जातो त्यापेक्षा बराच उपयोगी आहे. अट एकच. तो छोटा राहिला पाहिजे. साहित्य साधे, जागा जवळची, वेळ मोजका. यातले एक जरी वाढले तरी छंद घरावर बसतो आणि त्याचे आरोग्यमूल्य संपते.

साहित्याचे म्हणाल, तर बांबूची एक सरळ, लवचीक काठी. तिच्या टोकाला काठीइतकीच किंवा थोडी जास्त लांब नायलॉनची तंगूस. एक लहान गळ. पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या वाळलेल्या धाटाचा बोटभर तुकडा. सोलापूर जिल्ह्यात कडब्याची कमतरता नाही. दोऱ्याला वजन म्हणून एक छोटा लोखंडी नट. आमिषाला कणकेची घट्ट गोळी किंवा ओल्या मातीतले गांडूळ. सगळे मिळून खर्च एका वेळच्या नाश्त्याइतका. बाजारात हजारो रुपयांच्या चरकीच्या काठ्या मिळतात, त्यांचे व्हिडिओ रात्रभर पाहता येतात. ज्याला परवडते त्याने जरूर घ्याव्यात. पण महागडी काठी घेतली की ती वसूल करायची इच्छा होते, मग लांबच्या धरणावर जावेसे वाटते, मग अख्खा दिवस लागतो, मग मित्रांची गाडी ठरते आणि मुलगा घरीच राहतो. साध्या काठीचा मोठा गुण हा की ती जिन्याखाली मावते आणि तिच्यासाठी कोणाला काही सिद्ध करावे लागत नाही.

हा छंद या मातीला परका नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, 1129 च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण. सोलापूरहून मोटारीने दोन-तीन तासांवर. त्या ग्रंथात राजाने मन रमवण्यासाठी काय काय करावे, याच्या प्रकरणांत 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणत्या जातीला कोणते खाद्य, दोर कसा, काठी कशी, हे सगळे त्यात येते. पोटासाठी नव्हे तर करमणुकीसाठी गळ टाकण्याविषयी इतक्या बारकाईने लिहिलेले जुने भारतीय लेखन फार थोडे आहे. 'विनोद' या शब्दाचा तिथला अर्थही ध्यानात घेण्यासारखा आहे. आज आपण त्याचा अर्थ हसवणे एवढाच घेतो. तिथे तो मनाचा शीण घालवणे असा आहे. राज्य चालवणाऱ्याला त्याची गरज असते हे सोमेश्वराला कळत होते. दुकान चालवणाऱ्याला ती नसते, असे मानायचे कारण नाही.

आता वैद्यकशास्त्र याबद्दल काय सांगते, आणि काय सांगत नाही. पहिली गोष्ट, गळ टाकून बसणे हा व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. काठी धरून बसलेला माणूस त्यात मोडत नाही. तलावापर्यंत सायकलने गेला किंवा बांधावरून अर्धा तास भरभर चालला, तर तेवढी मिनिटे त्याच्या खात्यावर जमा होतील. 'मासेमारीला जातो, आता चालायला नको' असे म्हणणाऱ्याची साखर उतरणार नाही.

मिळते ते दुसरेच काही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी मांडलेला विचार असा की, आपले लक्ष दोन प्रकारचे असते. एक, जोर लावून एकाग्र करावे लागणारे: हिशेब, वाहतूक, गिऱ्हाइकाशी घासाघीस. ते दिवसभर वापरले की थकते आणि माणूस चिडचिडा होतो. दुसरे, आपोआप गुंतणारे: हलणारी पाने, वाहते पाणी, ढग. ते चालू असताना पहिल्याला विसावा मिळतो. पाण्यावर हलणारा धाटाचा तुकडा पाहत बसणे हे या दुसऱ्या प्रकाराचे जवळजवळ आदर्श उदाहरण आहे. मन रिकामे नसते, पण त्याच्यावर ओझेही नसते. डोळे मिटून ध्यानाला बसा म्हटले की ज्यांच्या डोक्यात उधारीची वही उघडते, त्यांच्यासाठी हे फार सोपे आहे.

पुरावा म्हणाल तर 1984 मध्ये रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्ण जेमतेम 46 होते, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष अधिक भक्कम आहे. आठवड्यातून एकूण 120 मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले. हे दोन तास एकदम घेतले की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. अर्थात, ज्यांची प्रकृती मुळात बरी तेच बाहेर पडत असतील, ही शंका अशा पाहणीत राहतेच. गळाने रक्तदाब अमुक इतका उतरतो असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये आणि गोळी तर मुळीच बंद करू नये.

एक कबुली या छंदाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्याने द्यायलाच हवी. मासा केव्हा ओढेल ते ठाऊक नसणे, हीच त्यातली गोडी आहे, आणि जुगाराची व मोबाइलवर बोट सरकवत राहण्याची गोडीही तशाच अनिश्चिततेतून येते. 'अजून एकदाच टाकतो' हे वाक्य तलावाच्या काठीही ऐकू येते. फरक असा की तलावावर ऊन चढते, मासे खायचे थांबतात, मुलाला भूक लागते. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या पार जातो, त्या दिवसांत तर साडेआठनंतर काठावर बसण्यात शहाणपण नाही.

मुलांबाबतचा फायदा मात्र बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे, आणि तो माशांशी नव्हे तर उघड्यावर असण्याशी निगडित आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमध्ये झालेल्या प्रयोगात, निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जास्त मैदानावर काढले. तीन वर्षांनी त्या मुलांत लघुदृष्टिदोषाचे, म्हणजे लांबचे न दिसण्याचे, प्रमाण 30.4 टक्के निघाले; इतर शाळांत ते 39.5 टक्के होते. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातला एक रविवार रोजच्या 40 मिनिटांची जागा घेऊ शकत नाही, पण चष्म्याचा नंबर वाढत चाललेल्या पेठेतल्या मुलासाठी तो सुरुवात आहे.

शिवाय मुलाला काठावर कळणाऱ्या गोष्टी पुस्तकात तेवढ्या रंगत नाहीत. आपल्याकडे गळाला पटकन लागतो तो चिलापी. तो मूळचा आफ्रिकेतला, भारतात 1952 मध्ये आणलेला. नर तळाशी खड्डा करून घरटे करतो आणि मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्ले निघाल्यावर धोका दिसला की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. हे ऐकल्यावर हातातला बोटभर चिलापी पाण्यात सोडायला कोणत्याही मुलाला दोनदा सांगावे लागत नाही.

इथपर्यंत सगळे गोड. प्रश्न येतो तो 'जवळची जागा' या शब्दांपाशी. शुक्रवार पेठेतून निघालेल्या माणसाने गळ टाकायचा कुठे?

सिद्धेश्वर तलाव सर्वांत जवळ. तो श्रद्धेचा तलाव आहे; परंपरा त्याला बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी जोडते. तिथे मासे पाहावेत, पकडू नयेत. विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव, एके काळी पक्षिप्रेमींचा लाडका. पण जलपर्णी आणि सांडपाणी या दोन शब्दांशिवाय त्याची बातमी सहसा येत नाही. तुळजापूर रस्त्याकडचा हिप्परग्याचा एकरुख तलाव हा एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत बांधलेला, दुष्काळी भागाला आधार म्हणून. शहराच्या पाण्यातही त्याचा वाटा राहिला आहे. सायकल चालवणाऱ्याला तो अजूनही आवाक्यात आहे, पण पाऊस कमी झाला की त्याचे पाणी मागे सरकत जाते आणि काठावर चिखलाचा पट्टा उरतो. मग राहते उजनी. नव्वद-शंभर किलोमीटर.

आणि उजनीला जायचे ठरले की तो दोन तासांचा छंद राहत नाही. पहाटे चारला निघणे, रात्री परतणे, महामार्गावरची पेंगुळलेली ड्रायव्हिंग, दुपारचे ऊन आणि बऱ्याचदा बाटली. ज्याने मन हलके व्हायचे, तेच घरातल्या भांडणाचे कारण होते. शिवाय तिथल्या पाण्याची तब्येतही ठीक नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ पोसते आणि पाणी हिरवे होते. सोलापूरकर हेच पाणी शुद्ध करून पितात, त्यामुळे हा फक्त मासे पकडणाऱ्यांचा विषय नाही.

हिरव्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. नील-हरित म्हणवले जाणारे काही जीव यकृताला अपाय करणारी विषे तयार करतात. ही विषे पाणी उकळले तरी नष्ट होत नाहीत. माशांच्या मांसापेक्षा ती त्यांच्या यकृतात आणि आतड्यांत जास्त साठतात. म्हणून पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय पसरलेली दिसली, तर त्या दिवशी गळ टाकू नये, मुलांना पाण्यात हात घालू देऊ नये. दुसरी खूण पहाटेची. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेही इतर जीवांसारखा तो वापरते, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंडे उघडझाप करत असतील तर ते आमिष शोधत नसतात, श्वास शोधत असतात. अशा पाण्यात दोन-चार दिवसांत मेलेल्या माशांचा खच पडला, तर नवल नाही. सांडपाणी मिसळणाऱ्या तलावातला मासा तर खाऊच नये. जड धातू आणि इतर रसायने तळण्याने जात नाहीत. पकडा, मुलाला दाखवा, हात ओले करून अलगद धरा आणि सोडून द्या.

महापालिका उद्यानांवर खर्च करते, खुल्या व्यायामशाळांची लोखंडी यंत्रे चौकाचौकांत बसवते. ती यंत्रे वाईट नाहीत. पण शहराच्या अर्ध्या तासाच्या अंतरात एक तलाव असा ठेवणे, ज्यात सांडपाण्याचा एकही नाला उतरत नाही, ज्याच्या एका बाजूला उतार सौम्य आहे, दोन झाडांची सावली आहे आणि पाण्याच्या तपासणीचा निकाल काठावर फळ्यावर लिहिलेला आहे, हा खर्च आरोग्याच्या खात्यातच धरायला हवा. तलाव सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला उभी दगडी भिंत, रंगीत दिवे आणि तिकीटघर एवढेच होते. उभ्या भिंतीवरून पाय घसरलेला माणूस बाहेर येऊ शकत नाही, हे आराखडा काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

बुडण्याचा धोका हा या छंदातला खरा धोका आहे, बाकीचे सगळे त्याच्यापुढे किरकोळ. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. गाळ उपसलेल्या तलावात काठापासून चार पावलांवर अचानक पुरुषभर खड्डा असतो, वरून पाणी सपाट दिसते. गळ झुडपात अडकला की तो सोडवायला पाण्यात उतरणे, हा मोह जीवघेणा ठरतो. पाच रुपयांचा गळ आहे, दोरा तोडावा. मात्र तुटलेली तंगूस हाताला लागेल तेवढी गोळा करून घरी न्यावी, पक्ष्यांच्या पायांत ती अडकते. लहान मूल हाताच्या अंतरावरच हवे, 'दिसतोय ना' एवढ्यावर भागत नाही. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि त्याला बांधलेली दहा मीटर दोरी सोबत ठेवावी. कोणी पाण्यात पडले तर आपण उडी न मारता तो कॅन फेकायचा. पोहता येणारेही दुसऱ्याला वाचवताना त्याच्यासोबत बुडतात. आभाळात गडगडले की काठी गुंडाळून निघावे.

गळ बोटात रुतणे हा नेहमीचा प्रकार. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, तो ओढताना मांस फाडतो. नवा गळ आणला की घरीच पक्कडीने तो काटा दाबून सपाट करावा. मासे थोडे जास्त निसटतील. पण बोटातूनही गळ सहज निघेल आणि सोडायचा माशाच्या तोंडातूनही. डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात रुतला तर हात लावू नये, दोरा कापून तसेच रुग्णालयात यावे. धनुर्वाताच्या लशीला पाच वर्षे होऊन गेली असतील तर अशा जखमेनंतर ती घ्यावी लागते. मिशा असलेल्या, खवले नसलेल्या माशांच्या पाठीवर आणि कल्ल्यांमागे टोकदार काटे असतात. त्यांपैकी काहींचा काटा विषारी असतो आणि भयंकर ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवला की वेदना बरीच उतरते, कारण ते विष उष्णतेने निकामी होते. पाणी भाजणारे नाही ना, हे दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने आधी पाहावे.

मधुमेहींनी अनवाणी चिखलात उतरू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, काच लागलेली कळत नाही आणि तळ्याच्या पाण्यातले काही जिवाणू अशा जखमेत झपाट्याने पसरतात. लालसर सूज वर चढू लागली, ताप आला, तर 'हळद लावली आहे, बघू' असे म्हणण्यात एक दिवसही घालवू नये.

आणि वजनाला लोखंडी नट का, तेही सांगायला हवे. शिशाची मऊ गोळी दाताने चावून दोऱ्यावर बसवायची सवय अनेकांना असते आणि मुले ती पाहून उचलतात. मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे सुरक्षित प्रमाण कोणतेच नाही. ब्रिटनमध्ये 1987 मध्ये मासेमारीतल्या लहान शिसे-वजनांवर बंदी आली, ती हंस मरू लागले म्हणून. आपल्याकडे निदान मुलांच्या तोंडापासून ते दूर ठेवायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथे सोडलेले रोहू, कटला, मृगळ यांचे बीज त्यांनी पैसे घालून आणलेले असते, त्यावर त्यांची चूल चालते. रविवारच्या पाहुण्याने आधी विचारावे, मागतील ती रक्कम द्यावी किंवा चिलापीवर समाधान मानावे. भोई समाजातल्या एखाद्या जाणत्या माणसाशी दहा मिनिटे बोललात, तर पाणी कुठे खोल आहे हेही कळेल. ती माहिती कोणत्याही नकाशात नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंड्यांवर असतात, तेव्हाचे रविवार सोडून द्यावेत.

शेवटी घर. छंद हा शब्द आपल्याकडे बहुधा पुरुषांच्याच वाट्याला येतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष 97 मिनिटे, असे दिसले. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांच्यापुरते. असे पुरुष जेमतेम 26 टक्के होते. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला तर रविवार आणि सोमवार यांत फरकच नाही. नवरा सकाळी काठी घेऊन निघाला आणि नऊ वाजता चिखलाचे कपडे, न साफ केलेले मासे आणि भुकेलेला मुलगा घेऊन परतला, तर त्याचा ताण उतरला असेल. तो गेला मात्र कुठेच नाही, फक्त शेजारच्या माणसावर चढला.

म्हणून दोन तासांचा हिशेब घरातल्या सगळ्यांचा हवा. दोन्ही मुले वडिलांसोबत गेली, दहावीतली मुलगीसुद्धा, तर घरातल्या बाईला आठवड्यातला एकमेव मोकळा वेळ मिळू शकतो. त्यात तिने झोपावे, माहेरी फोन करावा किंवा काहीच करू नये. तिला तलावावर यावेसे वाटले तर अर्थातच दुसरी काठी लागेल, आणि पहिला मासा तिच्याच गळाला लागण्याची शक्यता नाकारता येत नाही. मासे साफ करण्याचे काम मात्र ज्याने पकडले त्याचे. मोरीत नको. गच्चीवर जुने वर्तमानपत्र पसरावे, शेपटीकडून डोक्याकडे सुरीच्या पाठीने खवले काढावेत, पोट चिरून आतडी आणि यकृत टाकून द्यावे, तीन पाण्यांनी धुवावेत आणि मीठ, हळद लावून भांडे स्वयंपाकघरात द्यावे. कागद गुंडाळून लगेच कचऱ्याच्या गाडीत टाकायचा, नाहीतर गल्लीतली मांजरे दिवसभर जिन्यात बसतात. हे सगळे उरकून आंघोळ करून दुकान उघडायला दहा वाजतात.